सगळे हसतात, मी कोरडीच राहते

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीचं वय 29. माहेर अमरावतीचं. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन त्या पुण्यात आल्या. माहेरी त्यांच्याइतकं हसवणारं कुणी नव्हतं. त्या किस्सा सांगायला लागल्या की मावश्या-आत्या पोट धरून हसायच्या. सासरी मात्र त्यांनी काही सांगितलं की शांतता पसरते. घरच्यांचे विनोद त्यांना कळत नाहीत. जेवताना कुणीतरी नुसतं 'स्टोव्ह!' म्हणतं आणि सगळं टेबल खो खो हसतं. विचारल्यावर सासऱ्यांनी त्यामागची हकिगत सांगितली, पण त्यात हसण्यासारखं काय ते त्यांना उमगलं नाही. धाकटे दीर त्यांच्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कल करतात, 'काऊन वं वहिनी' म्हणतात, आणि त्यावर सगळे हसतात, नवराही. नवऱ्याकडे विषय काढला तर 'गंमत आहे गं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस' एवढंच उत्तर मिळतं. मध्यंतरी त्यांनी व्हॉट्सअॅपवरचे विनोद वहीत उतरवून पाठ केले आणि जेवताना सांगून पाहिले; तेही पडले. त्या विचारतात: माझी विनोदबुद्धी गेली का? विनोदात नेमकं असतं तरी काय, आणि ते शिकता येतं का? तोवर सगळ्यांबरोबर खोटं हसायचं का?

नमस्कार,

तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी जाता जाता आलंय. रविवारी बहिणीचा फोन आला की तुम्ही गॅलरीत जाऊन बोलता, कारण हसू आवरत नाही आणि घरातल्यांना वाटेल, हिला झालंय तरी काय. ज्या बाईची विनोदबुद्धी आटली तिला हसू लपवायला गॅलरीत जावं लागत नाही. ती शाबूत आहे. अमरावतीच्या फोनवर ती चालते आणि पुण्याच्या जेवणाच्या टेबलावर चालत नाही, एवढंच पत्रातून दिसतं. मग बघायला हवं ते या दोन जागांत काय फरक आहे ते. तुम्ही मात्र दीड वर्ष स्वतःतलीच उणीव शोधत बसला आहात.

आपण बहुतेक जण धरून चालतो की हसू विनोदातून येतं. विनोद चांगला असला की माणसं हसतात. नाही हसली तर विनोद वाईट, नाहीतर सांगणारा वाईट. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे तपासून पाहिलं. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात लोकांच्या गप्पा ऐकत हसण्याचे 1,200 प्रसंग टिपून घेतले. ज्याला ओढूनताणून का होईना विनोद म्हणता येईल अशा वाक्यावरचं हसू त्यांत 20 टक्केसुद्धा नव्हतं. बाकी सगळं 'चल, निघते आता', 'अरे, हा बघ कोण आलाय' अशा धर्तीच्या साध्या वाक्यांवरचं. बोलणारा ऐकणाऱ्यापेक्षा 46 टक्के जास्त हसत होता. विद्यार्थ्यांना आपापल्या हसण्याची नोंद ठेवायला सांगितली तेव्हा असंही दिसलं की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या 30 पट चारचौघांत हसतो.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखलेलं होतं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले. सुमारे 1,000 वर्षांपूर्वी त्यावर भाष्य लिहिताना अभिनवगुप्तांनी म्हटलं की हसू एकाकडून दुसऱ्याकडे सरकतं. आंबट डाळिंब खाणाऱ्याला नुसतं पाहिलं तरी बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तसं. मला हे फार पटतं. तुमच्या सासरी 'स्टोव्ह' म्हटल्यावर जे हसू उसळतं ते त्या शब्दाचं नसून त्या चौघांनी एकत्र काढलेल्या वर्षांचं आहे. सासऱ्यांनी तुम्हाला हकिगत सांगितली, पण ती वर्षं कशी सांगणार? म्हणून तुम्हाला हसू आलं नाही. यात तुमच्या समजुतीचा दोष कुठेच नाही.

तरीही विनोदाला स्वतःची अशी एक रचना असते आणि ती शिकता येते. तुम्ही पत्रात लिहिलेला सांबारचा किस्सा मी इथे देते, कारण ती रचना त्यात लख्ख दिसते.

पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही भाजीवाल्यासमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, 'दादा, दहा रुपयांचा सांबार द्या.' त्याने तुमच्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे बोट केलं आणि म्हणाला, 'ताई, ते समोर. उडप्याकडे.'

वाचताना मी मोठ्याने हसले. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला माहीत आहे, सांबारवडी माझ्या आवडीची आहे. त्यामुळे भाजीवाल्याने बोट केल्याक्षणी माझ्या डोक्यात हिरवी जुडी आणि वाफाळती वाटी एकमेकींवर आदळल्या. तुमच्या बहिणीच्या डोक्यातही दोन्ही आहेत. सासूबाईंच्या डोक्यात मात्र इडलीबरोबरचं तेवढंच आहे. त्यांना एवढंच ऐकू आलं की सुनेने भाजीवाल्याकडे सांबार मागितलं आणि त्याने बरोबर पत्ता सांगितला. त्यांना हसू येणार कुठून? उलट तुमची काळजी वाटली असेल. मग तुम्ही, तुमच्याच शब्दांत, खुलासा केलात: 'त्याने मला उडप्याकडे पाठवलं, कारण आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात ना.'

या एका वाक्यात दोन गोष्टी बिघडल्या. हसवणारा शब्द 'उडप्याकडे'. तो मध्येच येऊन गेला आणि शेवटी उरली ती माहिती. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन अर्थांची गाठ ऐकणाऱ्याने स्वतः मारायची असते. ती तुम्ही त्यांच्यासाठी मारून दिलीत. विनोद कळला की जो आनंद होतो त्यात 'मला जमलं' याचा वाटा मोठा असतो. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1790 मध्ये लिहून ठेवलंय की ताणलेली अपेक्षा एकदम शून्यावर आली की हसू फुटतं. पण 'एकदम' यायला हवं ना. कारण सांगत सांगत हळूहळू खाली आणलं तर हसू येत नाही, फक्त कळतं.

तमाशातली बतावणी पाहिली असेल तर आठवून बघा. सरदार एक अर्थ मनात धरून विचारतो, सोंगाड्या दुसराच अर्थ धरून उत्तर देतो, आणि दोन्ही अर्थ ठाऊक असलेला प्रेक्षक फुटतो. सोंगाड्या कधी थांबून 'म्हणजे मला असं म्हणायचं होतं' म्हणत नाही. प्रेक्षकाला जे माहीत असायला हवं ते तो आधीच, कुणाच्या लक्षात येणार नाही असं, पेरून ठेवतो.

तुम्हीही पेरा. एखाद्या सोमवारी पोहे करताना सासूबाईंना सहज म्हणा, 'आई, आमच्याकडे याला सांबार म्हणतात. सांबार घालू का वरून?' त्या म्हणतील 'अगं बाई, कोथिंबिरीला?' एवढंच. किस्सा तेव्हा सांगू नका, कितीही ओठांवर आला तरी. चार दिवस जाऊ द्या. मग जेवताना भाजी-बाजाराचा विषय निघेल तेव्हा भाजीवाल्याची गोष्ट सांगा, 'उडप्याकडे' या शब्दावर थांबा आणि पुढे एक अक्षर बोलू नका. गप्प राहणं अवघड जातं हे मला माहीत आहे. कुणी हसलं नाही तर आपण घाईने खुलासा करायला धावतो. धावू नका, पोळी वाढायला घ्या. कुणाला थोडं उशिरा कळलं तर ते उशिराचं हसू जास्त मोठं असतं, कारण मग बाकीचे त्याच्या उशिरा कळण्यालाही हसतात.

या कामात नवऱ्याची फार मदत होईल आणि ती मागायला सोपी आहे. 'तुझ्या घरचे मला हसतात' ही तक्रार ऐकली की तो बचावाला उभा राहतो. त्याऐवजी त्याला म्हणा, 'तू आधी आईंना सांबारचा अर्थ सांग, मग मला म्हण, तो भाजीवाल्याचा किस्सा सांग ना.' त्या घरात त्याच्या आवाजाला वजन आहे. त्याने 'ऐका, ही मस्त सांगते' म्हटलं की ऐकणारे हसायच्या तयारीत बसतात, आणि ती तयारी म्हणजे अर्धं काम.

व्हॉट्सअॅपची वही बंद करून टाका. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी 2001-02 मध्ये जगभरातून 40,000 हून अधिक विनोद जमवले आणि लोकांना त्यांना गुण द्यायला सांगितलं. ब्रिटन-आयर्लंडमध्ये शाब्दिक कोट्यांना पसंती मिळाली. अमेरिका-कॅनडात कुणीतरी वरचढ आणि कुणीतरी मूर्ख ठरतं अशा विनोदांना. फ्रान्स-डेन्मार्कमध्ये जरा अतर्क्य, विचित्र विनोदांना. सगळ्यांत मिळून जो पहिला आला तो सगळ्यांनाच चालणारा होता. फॉरवर्ड होत होत आलेला विनोदही असाच असतो, कुणाच्याच घरचा नसलेला. शिवाय पाठ केलेला विनोद सांगताना आपलं लक्ष ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर नसतं, पुढच्या ओळीवर असतं. तुम्ही किस्से सांगणाऱ्या आहात, आणि किस्सा जगलेल्या गोष्टीतून येतो. तुमच्याकडे अमरावतीचं अख्खं बालपण पडलंय.

'स्टोव्ह'चं काय करायचं? जेवणाच्या टेबलावर त्याचा अर्थ विचारू नका; तिथे खुलासा करणारा आणि ऐकणारा दोघंही अवघडतात. एखाद्या दुपारी सासूबाई निवांत असताना त्यांना ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावा. घर कुठलं होतं, स्टोव्ह कुणी पेटवला, त्या वेळी तुमचा नवरा केवढा होता, कोण कुठे पळालं. सासऱ्यांनी तुम्हाला निष्कर्ष सांगितला, सासूबाई प्रसंग सांगतील. पुढच्या खेपेला 'स्टोव्ह' ऐकून तुम्ही खो खो हसाल असं मी म्हणत नाही. पण धाकट्या दिरांचा तेव्हाचा घाबरलेला चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर असेल, आणि चारजणांच्या हसण्यात तुम्हाला धरायला काहीतरी असेल.

खरं तर यापेक्षा मोलाचं काम पुढे आहे. 'स्टोव्ह' कधीतरी एक फजिती होती. कुणीतरी तिला नाव दिलं आणि ते नाव दोन-तीनदा वापरलं. दीड वर्षात तुम्ही त्या घरात असताना काहीतरी उतू गेलंच असेल, कुणाची गाडी चुकली असेल, चुकीच्या हॉलमध्ये जाऊन आहेर दिला गेला असेल. त्याला नाव द्या आणि योग्य वेळी तो एक शब्द टाका. नाव देण्याचा हक्क घरातल्या जुन्या माणसांनाच असतो असं काही नाही. त्या शब्दावर घर पहिल्यांदा हसेल तेव्हा खुलाशाची गरज नसलेल्यांत तुम्हीही असाल.

आता नकलेबद्दल. इथे मी तुमच्या नवऱ्याशी सहमत नाही.

दीर-भावजयीची थट्टा आपल्याकडे जुनी आहे. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने 1940 मध्ये अशा थट्टेच्या नात्यांवर एक लेख लिहिला. जगातल्या अनेक समाजांत लग्नामुळे जोडल्या गेलेल्या माणसांना एकमेकांची चेष्टा करायची मुभा असते आणि समोरच्याने रागवायचं नसतं, असं त्यात मांडलंय. नव्याने जवळ आलेल्या, तरीही थोड्या परक्या माणसांमधला ताण त्यातून निघून जातो. अशी थट्टा दुहेरी असते किंवा एकेरी, हेही त्याने नोंदवलं. आपल्या लग्नांतली विहिणींची गाणी बघा. वरपक्षाची यथेच्छ उणीदुणी काढायची, पण तिकडूनही उत्तर यायचं, आणि पंगत उठली की संपलं. तुमच्या घरात काय चाललंय? नक्कल फक्त तुमची होते, कुणी उत्तर देत नाही आणि दीड वर्षात ती संपलेली नाही.

पीटर मॅकग्रॉ आणि केलब वॉरन या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलं की काहीतरी चौकट मोडते आणि त्याच वेळी त्यात धोका नाही हेही जाणवतं, तेव्हा हसू येतं. यातला दुसरा भाग ज्याचा त्याने ठरवायचा असतो. तुमचा मामेभाऊ अमरावतीत तुमची नक्कल करायचा तेव्हा तुम्ही हसायचात, कारण तोही तसंच बोलतो. त्यात धोका नव्हता. तीच नक्कल पुण्यात, जिथे तुमच्यासारखं बोलणारं दुसरं कुणी नाही, तिथे 'तू आमच्यातली नाहीस' असं सांगते. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने 1651 मध्ये लिहिलं होतं की दुसऱ्याच्या उण्यातून अचानक स्वतःचा मोठेपणा जाणवला की माणूस हसतो. सगळं हसू असं नसतं, पण काही असतं. टेबलाच्या ज्या बाजूला नवरा बसतो तिथून ही गंमतच दिसते, आणि तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. त्याला फक्त तुमच्या खुर्चीवरून कधी बघावं लागलेलं नाही.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. दुर्लक्ष करत राहायचं; ते तुम्ही करून पाहिलंत, आणि पत्रावरून दिसतं की आता तुम्ही तोंड उघडायच्या आधी शब्द तपासता. ही किंमत फार आहे. टोमण्याला टोमणा द्यायचा. हे जमलं तर सुरेख, पण एकटीने चौघांसमोर करायचं तर चुकण्याची भीती मोठी, आणि चुकलं तर 'चिडली बघा' म्हणायला मोकळे. तिसरी वाट म्हणजे दिरांशी एकट्याने, कुणी हसत नसताना, सरळ बोलणं. मी तीच सुचवेन. असं म्हणता येईल: 'भावोजी, माझ्या बोलण्याची नक्कल सुरुवातीला मलाही मजेची वाटली. आता मात्र घरात बोलतानाच मला संकोच वाटतो. ती तेवढी थांबवा. बाकी माझी हवी तेवढी चेष्टा करा, मीही तुमची करीन.' शेवटचं वाक्य वगळू नका. त्यातून त्यांना कळतं की तुम्ही थट्टेचं दार बंद करत नाही आहात. बहुतेक माणसं एवढ्यावर थांबतात, आपण दुखावतोय हे त्यांना खरंच ठाऊक नसतं. त्यानंतरही चालूच राहिलं तर तो विनोदाचा प्रश्न उरत नाही. मग नवऱ्याने भावाला सांगायचं, आणि तोवर नक्कल सुरू झाली की तुम्ही शांतपणे ताट घेऊन उठायचं.

खोटं हसावं का, या प्रश्नाचं माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. तुम्हाला न कळलेल्या घरगुती विनोदावर सगळे हसत असताना तुम्ही हसऱ्या चेहऱ्याने बसलात तर त्यात खोटेपणा नाही. आपली माणसं खुश आहेत याचं ते हसू आहे. भरतमुनींनी हसण्याचे सहा प्रकार लावले, स्मितापासून अतिहसितापर्यंत. त्यांत दात न दिसणारं स्मित पहिलं. तेवढं पुरे. (स्मित थोरांचं आणि खदाखदा हसणं हलक्या लोकांचं, ही त्यांची प्रतवारी मात्र मला मान्य नाही. तुमचं गॅलरीतलं हसू अतिहसितच असणार आणि ते तसंच राहावं.) पण नकलेवर हसू नका. तिथे तुम्ही हसलात की दिरांना वाटतं वहिनींना आवडतंय, आणि नवऱ्याच्या 'गंमत आहे' या म्हणण्याला तुमचीच साक्ष मिळते. चिडायचंही नाही. चेहरा साधा ठेवायचा आणि आधीचा विषय पुढे चालू करायचा.

आणि बहिणीचा फोन गॅलरीतून आत आणा. दिवाणखान्यात बसून, वऱ्हाडीत, मोठ्याने बोला आणि हसा. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी एका प्रयोगात लोकांना एकत्र बसवून विनोदी कार्यक्रम दाखवला आणि आधी-नंतर त्यांना किती वेदना सहन होते ते मोजलं. मनसोक्त हसलेल्यांची सहनशक्ती वाढलेली निघाली. माहितीपट बघितलेल्यांची वाढली नाही. अशा हसण्याने शरीरात एंडॉर्फिन ही वेदना दाबणारी रसायनं सुटतात आणि माणसं एकमेकांच्या जवळ येतात, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या सासरच्यांनी तुमचं ते हसणं बहुधा ऐकलेलंच नाही. त्यांना तुम्ही अबोल आणि गंभीर सून म्हणून माहीत आहात, आणि गंभीर माणसाने किस्सा सांगितला तर हसायचं की ऐकून घ्यायचं, हे लोकांना ठरवता येत नाही.

नव्या ऑफिसात, परगावच्या वसतिगृहात, परदेशातल्या मराठी घोळक्यात अशीच कोरडी बसणारी माणसं मला पत्रं लिहितात. त्यांनाही मी हेच सांगते: विनोद गोळा करू नका, आधी तिथल्या गोष्टी गोळा करा. आणि ज्यांच्या घरात नवी सून, जावई किंवा सहकारी आला आहे त्यांना एक विनंती आहे. तुमचा 'स्टोव्ह' त्याने विचारायची वाट बघू नका. पहिल्याच महिन्यात स्वतःहून, पूर्ण रंगवून सांगा, आणि त्याच्याकडचा एक तरी किस्सा सांगून घ्या.

तुमच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी दिरांशी बोला, कारण नक्कल थांबल्याशिवाय त्या टेबलावर मोकळेपणाने तोंड उघडणं तुम्हाला जमायचं नाही. त्यानंतर नवऱ्याला किस्सा काढून द्यायला सांगा. मग सोमवारचे पोहे.